पाच हजारांचा गेम आणि खोगीरभरती

म्हापशेकर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वडिलांनी मला एक पिवळी कॅसेट घेऊन दिली होती, आणि तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर ‘९९९९ इन १’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. घरी येऊन ती कन्सोलमध्ये खुपसली आणि यादी खाली सरकवत बसलो. पहिल्या पानावर रणगाडा होता, बदकांची शिकार होती, मारिओ होता. दुसऱ्या पानावर नावे बदलली, पण उघडून पाहिले तर पुन्हा तोच रणगाडा, फक्त सुरुवात पाचव्या लेव्हलपासून. दहा हजारांना एक कमी म्हणून जे विकले गेले त्यात खरे गेम दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील एवढेच होते. वडिलांना मी हे कधी सांगितले नाही, कारण घासाघीस करून आपण स्वस्तात माल आणला याचा त्यांना फार आनंद झाला होता.

यंदा चवथीच्या सुट्टीत खेळायचे म्हणून मी ४,९९९ रुपये मोजून एका प्रसिद्ध ओपन वर्ल्ड, म्हणजे मोठ्या नकाशावर मोकळे फिरायच्या, गेमची डिस्क घेतली. नाव घेत नाही, कारण मला त्या एका गेमशी भांडायचे नाही. पंधरा तास झाल्यावर मला त्या पिवळ्या कॅसेटची आठवण येऊ लागली. एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलो आणि दोन तासांच्या खेळातली मिनिटे मांडली. कथेचे प्रसंग १४ मिनिटे, घोड्यावरून इकडून तिकडे जाणे ४१ मिनिटे, शत्रूच्या तीन छावण्या साफ करणे ३८ मिनिटे, आणि पेट्या उघडणे, सामान विकणे, तलवारीची धार दोन टक्क्यांनी वाढवणे यांत २७ मिनिटे. तिन्ही छावण्यांत टेहळणीचा मनोरा डाव्या हाताला होता, घंटा मधोमध होती आणि पेटी सर्वांत मागच्या तंबूत होती. तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून पेटीपर्यंत पोहोचलो असतो.

हा प्रकार आता अपवाद राहिलेला नाही, उलट त्याची जाहिरात होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डाइंग लाइट २’च्या निर्मात्यांनी हा गेम पूर्णपणे संपवायला किमान ५०० तास लागतील असे अभिमानाने जाहीर केले, आणि लोक आनंदी होण्याऐवजी धास्तावलेले पाहून त्यांना खुलासा करावा लागला की मुख्य कथा साधारण २० तासांची आहे आणि जोडकथा धरून ८० तास होतील. म्हणजे ५०० पैकी किती तास गोष्टीचे आणि किती पेट्यांचे, हे त्यांनीच सांगून टाकले. मोठ्या कंपन्यांच्या गेमची अमेरिकेतली किंमत कित्येक वर्षे ६० डॉलर होती, २०२० पासून ती ७० झाली, आणि त्याच काळात पीएस ५ (सोनीचे प्लेस्टेशन ५) च्या मोठ्या गेमवर आपल्याकडे ४,९९९ रुपयांचा शिक्का दिसू लागला. एवढी किंमत मागायची तर काहीतरी भरगच्च दिले पाहिजे असे त्यांना वाटते, आणि भरगच्च देणे परवडत नाही म्हणून खोगीरभरती करतात, असा माझा आरोप आहे. तो चुकीचा असल्यास या मंचाच्या सदस्यांनी खोडून काढावा.

सांतिनेज

आरोप निम्मा बरोबर आहे, परंतु कारण एवढे सरळ नाही. मी काही वर्षे मोबाइल गेमच्या चाचणीचे काम केले आहे, त्यामुळे कोणती गोष्ट करायला किती कष्ट पडतात याचा थोडा अंदाज आहे. कथेतला तीन मिनिटांचा एक प्रसंग उभा करायचा तर लेखक लागतो, आवाज देणारे नट लागतात, अंगाला ठिपके लावून हालचाली टिपाव्या लागतात, प्रकाशयोजना लागते आणि मग प्रत्येक भाषेत ते सगळे तपासावे लागते. छावणीचे तसे नसते. तंबू, मनोरा, घंटा आणि पेटी एकदा तयार झाली की नकाशावर ती चाळीस ठिकाणी ठेवायला एका माणसाचे काही दिवस पुरतात. त्यामुळे गेमची लांबी वाढवायची असे वरून ठरले की लांबी तिथेच वाढते जिथे ती स्वस्त असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पहिल्या ‘असॅसिन्स क्रीड’चे आहे. २००७ साली आलेल्या त्या गेममध्ये ४२० झेंडे गोळा करायचे होते, आणि मूळ गेममध्ये ते गोळा करून हाती काहीच लागत नसे. त्या गेमवर काम केलेले प्रोग्रॅमर चार्ल्स रँडल यांनी २०२० मध्ये त्यामागची हकिकत सांगितली. गेम जवळजवळ तयार झाला असताना कंपनीच्या प्रमुखांच्या मुलाने तो खेळून पाहिला आणि कंटाळवाणा आहे, करायला काही नाही, असे म्हटले, आणि मग सगळी जोडकामे अवघ्या पाच दिवसांत घालावी लागली. जगभरातले खेळाडू पुढे आठवडेच्या आठवडे ते झेंडे शोधत फिरले. पाच दिवसांचे काम आणि आठवड्यांची वणवण, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

किमतीबद्दल मात्र मला वेगळे दिसते. पूर्वी खोगीरभरती होती ती डब्यावरच्या आकड्यासाठी, आता ती दुसऱ्यांदा पैसे घेण्यासाठीही असते. २०१८ च्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त एकट्याने खेळायच्या गेमसाठी अनुभवाचे गुण कायमचे लवकर मिळवून देणारी सवलत वेगळ्या पैशांना विकायला ठेवलेली होती. आधी रस्ता लांब करायचा आणि मग आडवाटेचा टोल घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. ‘मिडल अर्थ: शॅडो ऑफ वॉर’ या २०१७ च्या गेममध्ये कथा संपल्यावरही किल्ले राखण्याचा एक लांबलचक अंतिम भाग होता आणि त्यासाठी लागणारे सैनिक पेट्यांतून विकत मिळत. खेळाडूंनी एवढा ओरडा केला की २०१८ च्या जुलैत कंपनीने तो बाजार काढून टाकला, आणि बाजार गेल्याबरोबर तो अंतिम भागही आखूड केला. तो भाग गोष्टीची गरज असता तर बाजारासोबत आखूड का झाला असता, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

तिसरे वर्ष

मी मडगावला शिकतो आणि वर्षाला एक, फार तर दोन गेम विकत घेऊ शकतो. म्हापशेकर दादा, तुमच्या वहीतली मिनिटे वाचली, पण तुम्ही ती मांडलीत कारण तुमच्याकडे वेळ कमी आणि पैसा पुरेसा आहे. माझे नेमके उलटे आहे. पाच हजारांत दहा तासांचा गेम घेतला तर मला पुढचे अकरा महिने काय करायचे हा प्रश्न पडतो. परीक्षा संपल्यावर रात्री खोलीत बसून एखादा लांबलचक नकाशा हळूहळू साफ करणे, कानात गाणी लावून एकेक चिन्ह पुसत जाणे, यात मला खरोखर सुख मिळते. तुम्ही ज्याला पाल्हाळ म्हणता तो माझा विसावा आहे.

तरीही मला एक गोष्ट मान्य करावी लागेल, आणि ती तुमच्या बाजूची आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. किंमत आणि तास यांचा संबंध असतो असे म्हणावे तर माझ्याकडचे सर्वांत लांब गेम हेच सर्वांत स्वस्त आहेत. ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६ मध्ये १५ डॉलरला आला, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने तो केला, आणि मी त्यात कित्येकशे तास शेती केली आहे. ‘हॉलो नाइट’ही १५ डॉलरलाच आला आणि त्याने माझा अख्खा पावसाळा खाल्ला. या दोघांना लांब करायला पैसे लागले नाहीत, मग मोठ्या कंपन्यांनाच लांबीसाठी ७० डॉलर का लागतात?

सत्तरीकर

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारण्यापूर्वी आपणही आरशात पाहिलेले बरे. २०१५ मध्ये ‘द ऑर्डर: १८८६’ हा पीएस ४ चा गेम ६० डॉलरला आला, आणि बाजारात येण्यापूर्वीच कोणीतरी तो सुमारे पाच तासांत संपवल्याचा व्हिडिओ टाकला. त्यानंतर त्या गेमविषयी जी चर्चा झाली ती जवळजवळ सगळी त्या पाच तासांचीच होती. गेम म्हणून तो कसा होता हे विचारणारे थोडे आणि ताशी किती डॉलर पडले याचे भागाकार करणारे फार. ज्या गिऱ्हाइकाला फक्त मासळीच्या वाट्यातल्या बांगड्यांची संख्या मोजता येते, त्याच्या वाट्यात मासळीवाली वर दोन मोठे ठेवते आणि खाली बारीक भरते. तिला नावे ठेवण्यापूर्वी आपण तिला काय विचारले होते ते आठवावे. आपण ‘किती’ एवढेच विचारले होते.

रंगपट

मी फोंड्याकडचा, हौशी नाटकांची प्रकाशयोजना करणारा माणूस आहे आणि गेम उशिरा, चाळिशीनंतर खेळू लागलो. या चर्चेत मला सतत आमच्या जत्रेतल्या नाटकांची आठवण येत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. विषय सोडत नाही, याची खात्री बाळगावी.

तियात्र या आमच्या कोकणी नाट्यप्रकारात अंकाला पडदा म्हणतात. एक पडदा संपतो, मागे मांडणी बदलायची असते, आणि तेवढ्या वेळात पडद्यापुढे येऊन गायक कांतार, म्हणजे गाणे, गातात. काही कांतारे कथेशी जोडलेली असतात, बरीचशी नसतात, ती राजकारणावर, महागाईवर, सुनेवर, मंत्र्यावर असतात. घड्याळ लावून बसणाऱ्याला ही शुद्ध खोगीरभरती वाटेल. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षक तिकीट काढतात ते त्या कांतारांसाठीच. मुळात ती जागा सामान हलवण्याच्या गरजेतून मिळाली होती, पण तिथे उभे राहणाऱ्याने ती कमावली.

हे मी का सांगतो आहे? ‘मास इफेक्ट’ या २००७ च्या गेममध्ये लिफ्ट फार होत्या आणि त्या फार हळू चालत. त्यावरून त्या काळी पुष्कळ थट्टा झाली. लिफ्ट चालू असताना यंत्र पुढचा भाग स्मृतीत भरून घेत असते, म्हणजे पडद्यामागे सामान हलत असते. परंतु त्या वेळात सोबतची पात्रे एकमेकांशी बोलत, कधी बातम्या लागत, आणि त्या बातम्यांत आपण मागे केलेल्या उचापतींचा उल्लेख येई. माझ्या मते ते कांतार होते. पुढच्या गेममध्ये लिफ्टची जागा साध्या लोडिंग स्क्रीनने घेतली तेव्हा मला चुकल्यासारखे झाले. पुढे कित्येक गेममध्ये नायक भिंतीच्या फटीतून अंग चोरून हळूहळू सरकतो, तेही त्याच कारणासाठी, पण तिथे कोणी काही बोलत नाही. तेवढा वेळ प्रेक्षकाला रिकाम्या पडद्यासमोर बसवलेले असते.

दशावतारातही आख्यान सुरू होण्यापूर्वी गणपती येतो, रिद्धीसिद्धी येतात, संकासुर येऊन हास्यविनोद करतो. कथेच्या हिशेबाने त्या संकासुराची काही गरज नाही. पण पेडण्याच्या बाजूला एखाद्या जत्रेत संकासुर वगळून पाहा आणि मुले काय म्हणतात ते ऐका. म्हणून म्हापशेकर, तुमच्या वहीत मिनिटांचे जे रकाने आहेत ते मला पुरेसे वाटत नाहीत. घोड्यावरची ४१ मिनिटे वाया गेली की नाही हे ४१ या आकड्यावरून कळणार नाही. त्या वेळात पडद्यापुढे कोणी उभे होते का, हे पाहावे लागेल.

चोडणकरीण

रंगपट यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन देते. मी रोज रायबंदरची फेरीबोट पकडते. पलीकडे जायला लागणारी मिनिटे थोडी, पण संध्याकाळी रांग लागली की त्याहून जास्त वेळ धक्क्यावर जातो. दोन्ही वेळा मी काही न करता नुसती उभी असते, पण पाण्यावरची मिनिटे मला कधीच जड जात नाहीत आणि रांगेतली मात्र जातात. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये घोड्यावरून जाणे हे पाण्यावरचे होते. वाटेत कोणी हाक मारतो, आभाळ बदलते, सोबतचा माणूस आपल्या आईविषयी काहीतरी बोलून जातो. त्याच गेममध्ये मारलेल्या प्रत्येक प्राण्याचे कातडे सोलताना जी हालचाल पुन्हा पुन्हा पाहावी लागते, ती पहिल्या तीन वेळा चांगली वाटते आणि नंतर ती रांग होते. ‘डेथ स्ट्रँडिंग’ तर सगळाच ओझे पाठीवर घेऊन चालण्याचा खेळ आहे, त्यात चालणे काढले तर उरेल काय? म्हणून नुसते ‘प्रवास म्हणजे भरती’ असे समीकरण मांडू नये.

म्हापशेकर

सर्वांचे मनापासून आभार. रंगपट आणि चोडणकरीण यांच्या प्रतिसादांनंतर मी माझी वही पुन्हा काढली, आणि मान्य करतो की घोड्याच्या ४१ मिनिटांपैकी दहाएक मिनिटे मला खरोखर आवडली होती. धुक्यातून एका जुन्या पुलावर चढलो आणि खाली नदीत कोणी दिवे सोडत होते, ते मी थांबून पाहिले. तेवढी मिनिटे मी भरतीच्या खात्यातून काढून टाकतो. छावण्यांची ३८ मिनिटे मात्र तिथेच राहतील.

यावरून माझ्यापुरती एक कसोटी मी बनवली आहे. ज्या तासासाठी करणाऱ्याने स्वतःचा वेळ आणि डोके खर्च केले नाही आणि खेळणाऱ्याचे मात्र वसूल केले, तो तास भरतीचा. सांतिनेज यांचे पाच दिवस आणि ४२० झेंडे हे याचेच उदाहरण होय. या कसोटीवर काही गमतीदार निकाल लागतात. ‘झेल्डा’मालिकेतल्या २००२ च्या ‘विंड वेकर’मध्ये शेवटाकडे समुद्र धुंडाळून एका पवित्र त्रिकोणाचे तुकडे गोळा करावे लागतात. आधी नकाशे शोधायचे, ते पैसे देऊन वाचून घ्यायचे, मग तुकडे वर काढायचे. वेळ अपुरा पडल्याने त्या गेममधली काही भुयारे वगळावी लागली, हे निर्मात्यांनी पुढे मान्य केले आहे, आणि तो शोध त्या भगदाडावर ठोकलेल्या फळीसारखा वाटतो. २०१३ मध्ये सुधारित आवृत्ती काढताना त्यांनी स्वतःच तो शोध बराच आखूड केला. अशी कबुली देणारे निर्माते विरळा.

त्याच मालिकेच्या २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० कोरोक बिया लपवल्या आहेत. संख्या ऐकली तर झेंड्यांच्या दुप्पट. पण सामानाची पिशवी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात, आणि हट्टाने सर्व ९०० गोळा करणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळते ती सोनेरी रंगाची, विष्ठेच्या आकाराची एक वस्तू. इथे निर्मात्याने खेळाडूला हसत हसत सांगितले आहे की बाबा रे, एवढे कशाला केलेस? बिया जास्त ठेवल्या त्या सगळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे, तर कोणीही कुठल्याही वाटेने गेला तरी त्याला काही ना काही सापडावे म्हणून. ही माझ्या मते भरती नाही, पेरणी आहे.

तिसरे वर्ष

दादा, कसोटी चांगली आहे, परंतु ती गेमला सबंध लावता येत नाही, तुकड्यातुकड्याने लावावी लागते. ‘विचर ३’ घ्या. त्यात वेलेन प्रांतातल्या ब्लडी बॅरनची कथा आहे, दारूच्या नशेत बायकोला मारणारा, तिचा आणि मुलीचा शोध घ्यायला आपल्यालाच पाठवणारा माणूस. ती कथा खेळून झाल्यावर मी त्या रात्री दुसरे काही खेळू शकलो नाही. आणि त्याच गेममध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रावर नकाशात प्रश्नचिन्हांचा सडा पडलेला आहे. शिडाची नाव हाकत प्रत्येक चिन्हापाशी जायचे, पंख असलेल्या बायांना बाण मारायचे, आणि पाण्यात तरंगणारी पिंपे उघडून त्याच त्या तलवारी घ्यायच्या. एकाच कंपनीने एकाच वर्षी, २०१५ मध्ये, एकाच डब्यात या दोन्ही गोष्टी दिल्या. मी विसाव्यासाठी नकाशा साफ करतो असे वर म्हटले आहे, तरी स्केलिगेची पिंपे मी अर्ध्यावर सोडली, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

उलट ‘याकुझा’ मालिकेतला कामुरोचो हा शहरातला सगळा भाग पणजीच्या फोंताइन्हासला फेरफटका मारावा तेवढाच वाटतो, आणि तोच भाग त्यांनी गेममागून गेम वापरला. या न्यायाने ती सर्वांत मोठी खोगीरभरती ठरायला हवी. पण प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्यावर नवा माणूस उभा असतो आणि त्याची भानगड नवी असते. जागा जुनी वापरून वाचलेला वेळ त्यांनी माणसांवर खर्च केला.

सांतिनेज

कामुरोचोचे उदाहरण फार योग्य आहे, आणि मघाच्या ७० डॉलरच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. ‘स्टारड्यू’त लांबी नियमांतून येते, आज पेरलेले परवा उगवते आणि खेळाडू आपणहून थांबतो. मोठ्या गेममध्ये मात्र प्रत्येक नवा डोंगर, नवा चेहरा, नवे कापड हे चित्राच्या अशा बारकाईने करावे लागते की खर्च हाताबाहेर जातो. सोनीच्या प्लेस्टेशन स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी २०२० मध्ये, कंपनी सोडल्यानंतर, सांगितले होते की मोठ्या गेमचा निर्मितीखर्च ८ ते १५ कोटी डॉलर होऊ लागला आहे आणि १२ ते १५ तासांचे गेम परत आले तर आपल्याला आवडेल. खर्च वाढवणारा माणूसच असे म्हणतो, तेव्हा ऐकले पाहिजे.

पण आखूड गेम काढणाऱ्यापुढेही अडचणी आहेत. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून नियम आहे की खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. गिऱ्हाइकासाठी तो उत्तम नियम आहे, माझे स्वतःचे पैसे त्याने अनेकदा वाचवले आहेत. परंतु ज्याचा गेमच दोन तासांहून लहान आहे त्याने काय करावे? ‘समर ऑफ ’५८’ हा भयकथेचा छोटा गेम करणाऱ्या एमिका गेम्सने २०२१ मध्ये जाहीरपणे लिहिले की लोक गेम पूर्ण खेळतात, चांगला अभिप्राय देतात आणि वर पैसे परत घेतात, त्यामुळे आपण तूर्त हे काम सोडत आहोत. अशा वेळी दुसरा एखादा निर्माता वाड्यात आणखी दोन लांब बोळ आणि तीन हरवलेल्या किल्ल्या घालून आपला गेम सव्वादोन तासांचा करील, तर त्याला दोष देताना मी तरी जरा अडखळेन.

मोठ्यांपैकी एकाने वाट बदलून पाहिली आहे. ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ हा २०२० चा गेम एवढा पसरला होता की अनेकांनी तो अर्ध्यावर टाकला. त्याचीच पुरवणी म्हणून सुरू झालेला ‘मिराज’ २०२३ मध्ये स्वतंत्र गेम म्हणून आला, बगदाद या एका शहरापुरता, कथा आखूड आणि किंमत ५० डॉलर. आखूड केला तर किंमतही उतरवली, हा मला सरळ व्यवहार वाटतो. आणि २०२४ मध्ये गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान ‘ॲस्ट्रो बॉट’ने मिळवला, जो ६० डॉलरचा असूनही एखाद्या शनिवार-रविवारी संपतो. त्याबद्दल ताशी डॉलरचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही, कारण त्यातली प्रत्येक लेव्हल एक नवी कल्पना घेऊन येते आणि ती शिळी होण्याआधी टाकून देते.

सत्तरीकर

म्हणजे गिऱ्हाइकाला बांगडा ताजा आहे की नाही हे कळते, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही. मी माझे आधीचे कडक विधान थोडे सौम्य करतो. मात्र ‘द ऑर्डर’वाल्यांना ‘ॲस्ट्रो बॉट’चे गिऱ्हाईक मिळाले नाही, हेही खरे.

रंगपट

एक शंका. मोठ्या कंपन्या आता गेम विकण्यापेक्षा महिन्याच्या वर्गणीवर देऊ लागल्या आहेत. एक्सबॉक्सचा गेम पास २०१७ पासून आहे. वर्गणीत किमतीचा प्रश्नच मिटतो, तर मग खोगीरभरतीही थांबायला हवी, नाही का? माझा अनुभव मात्र उलटा आहे. रोज हजेरी लावा, आठवड्याची कामे पूर्ण करा, हंगाम संपण्यापूर्वी टोपी मिळवा, हे सगळे मला तिथेच अधिक दिसते. पूर्वी नाटक लांबत असे ते प्रेक्षकाने ‘वन्स मोअर’ दिला म्हणून. इथे प्रेक्षकाने उद्या पुन्हा यावे म्हणून नटच आपल्याला वन्स मोअर देतो आहे.

सांतिनेज

शंका रास्त आहे. विक्रीच्या काळात तास डब्यावर छापायला लागत, वर्गणीच्या काळात ते माणूस महिनाअखेरीस नाव काढून घेऊ नये म्हणून लागतात. कारण बदलले, छावणी तीच राहिली. त्यावर वेगळा धागा काढावा, इथे तो अवांतर होईल.

म्हापशेकर

तिसरे वर्ष यांच्यासाठी. माझी ती चवथीची डिस्क मी साठएक टक्क्यांवर सोडली आहे आणि आता पुढे खेळेन असे वाटत नाही. तुम्हाला छावण्या साफ करायला आवडतात, आणि अजून बऱ्याच शिल्लक आहेत. शुक्रवारी म्हापशाला येणार असाल तर जुन्या बसस्थानकाच्या बाजूला साडेपाच वाजता मी असतो, डिस्क घेऊन जावी, पैसे नकोत. धुक्यातला तो पूल नकाशाच्या ईशान्येला आहे, तिथे घोड्यावरून जावे, झटपट पोहोचण्याची सोय वापरू नये.

अवांतर: हा धागा लिहिताना माळ्यावरची पेटी उतरवली. पिवळी कॅसेट सापडली. भाच्याला घेऊन बसलो आणि खरे गेम मोजले, सात भरले. त्याने यादीच्या अगदी शेवटी जायचा हट्ट धरला, बटण दाबून दाबून माझा अंगठा दुखला. ९९९९ व्या क्रमांकावर रणगाडा होता, तिसाव्या लेव्हलपासून.

तिसरे वर्ष

दादा, शुक्रवारी सव्वापाचपर्यंत पोहोचतो. डिस्कबरोबर कन्सोल आणि ती कॅसेटही आणता येईल का? तिसाव्या लेव्हलचा रणगाडा मला खेळून पाहायचा आहे.